मॅकिंटॉशचा उपेक्षित जनक

संगणक सुरू केला की पडद्यावर छोट्या छोट्या चित्रांची रांग उभी राहते. पत्र लिहायचे तर एक प्रोग्राम, हिशेब मांडायचा तर दुसरा. कोणते चित्र कोठे ठेवायचे, कोणत्या कामासाठी कोणता पडदा राखायचा, ही मांडामांड वापरणाऱ्यानेच करायची. ही उठाठेव माणसाच्या वाट्याला येऊच नये, या आग्रहापायी जेफ रास्किन यांनी आयुष्य वेचले.

९ मार्च १९४३ रोजी न्यूयॉर्क येथे जन्मलेल्या रास्किन यांनी गणित, भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्राचा अभ्यास केला. संगीत आणि चित्रकलेतही त्यांना गती होती. १९७८ मध्ये ते ‘अ‍ॅपल’ कंपनीत रुजू झाले. सर्वसामान्यांना सहज हाताळता येईल अशा स्वस्त संगणकाचा प्रकल्प त्यांनी १९७९ मध्ये हाती घेतला आणि आवडत्या सफरचंदाच्या जातीवरून त्याचे नाव ‘मॅकिंटॉश’ ठेवले. मात्र १९८१ मध्ये प्रकल्पाची सूत्रे स्टीव्ह जॉब्ज यांच्याकडे गेली. पुढच्याच वर्षी रास्किन यांनी कंपनी सोडली. २४ जानेवारी १९८४ रोजी बाजारात आलेला, माऊसवर चालणारा मॅकिंटॉश त्यांच्या मूळ आराखड्याहून बराच वेगळा होता.

मनातला संगणक त्यांनी १९८७ मध्ये ‘कॅनन कॅट’च्या रूपाने साकारला. त्यात ना माऊस होता, ना चित्रे, ना वेगवेगळे प्रोग्राम. सारे लेखन एकाच सलग मजकुरात राही. ‘लीप’ कळ दाबून धरून हव्या त्या शब्दाची अक्षरे टंकली की कर्सर थेट तेथे पोहोचे. आकडेमोडही मजकुरातच होई. परंतु विक्री सुमारे २० हजारांवर थांबली आणि काही महिन्यांतच उत्पादन बंद पडले.

‘द ह्युमेन इंटरफेस’ या २००० मधील ग्रंथात रास्किन यांनी आपले विचार सविस्तर मांडले. प्रत्येकाने आपल्या आवडीप्रमाणे पडदा सजवावा, ही सर्वांना हवीहवीशी वाटणारी सवलत त्यांना मान्य नव्हती. मांडणी बदलत राहिली की हाताला वळण लागत नाही. शिवाय रचनाकाराचे काम ग्राहकाच्या गळ्यात पडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पडदे बदलत बसण्याऐवजी सारे काम एकाच विस्तीर्ण पटावर असावे, दूर गेल्यास सगळे दिसावे आणि जवळ आल्यास हवे ते हाती यावे, ही त्यांची कल्पना.

२६ फेब्रुवारी २००५ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसिफिका येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र अझा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये विंडोजसाठी ‘एन्सो’ हा प्रोग्राम आणला. ‘कॅप्स लॉक’ कळ दाबून धरायची, आज्ञा टंकायची आणि कळ सोडायची. हातातले काम न सोडता हवा तो प्रोग्राम उघडे, हवी ती खिडकी समोर येई. ‘एन्सो’ही फार काळ टिकला नाही. तरीही चित्र शोधत न बसता नाव टंकून प्रोग्राम उघडण्याची सोय आज घरोघरच्या संगणकांत आहे. बाजाराने रास्किन यांची यंत्रे नाकारली. त्यांनी ओळखलेली अडचण मात्र खरी होती.