एल्फिन्स्टनची नजर आणि बाबासाहेबांचा जाब

जुन्नर म्हटले की शिवनेरी आठवते, नाणेघाट आठवतो, लेण्याद्री आठवते. पण डिसेंबर १८१७ मध्ये याच जुन्नरच्या उत्तरेकडील घाटांच्या आडोशाला दुसरा बाजीराव फौजेसह लपून बसला होता, याची आठवण फारशी काढली जात नाही. तेथून तो जुन्नर-आंबेगाव-खेडच्या पट्ट्यातून खाली उतरला, चाकणला आला आणि १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावी त्याच्या फौजेची गाठ कॅप्टन स्टाँटनच्या पलटणीशी पडली. पुढचा इतिहास आपल्या घराघरांत पाठ आहे. मात्र बाजीरावाचा पाठलाग करणाऱ्या जनरल स्मिथच्या फौजेबरोबर एक माणूस होता, जो शिपाई नव्हता. तो होता पेशव्यांच्या दरबारातील इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे वकील, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. या माणसाने आपल्या देशाविषयी काय पाहिले आणि काय ठरवले, हे चळवळीच्या वाचकांनी नीट समजून घेतले पाहिजे.

एल्फिन्स्टनचा जन्म ६ ऑक्टोबर १७७९ चा, स्कॉटलंडमधील एका सरदार घराण्यातला. १७९६ मध्ये, अवघ्या सोळाव्या वर्षी, तो कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला. पुण्याच्या रेसिडेन्सीत त्याने मदतनीस म्हणून उमेदवारी केली. १८०३ मध्ये असईच्या लढाईत तो वेलस्लीबरोबर होता. त्यानंतर नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी तो रेसिडेंट झाला. १८०८ मध्ये त्याला अफगाणिस्तानच्या शहाकडे वकील म्हणून पाठवले गेले. काबूलपर्यंत तो पोहोचला नाही, पेशावरहूनच परतला. तरीही त्या देशातील टोळ्या, त्यांचे कायदे, त्यांची राज्यव्यवस्था यांवर त्याने १८१५ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. सांगायचे तात्पर्य, तो केवळ दरबारी कागद सरकवणारा कारकून नव्हता. ज्या देशात जाईल त्या देशाचे समाजजीवन समजून घेण्याची त्याला खरी तहान होती.

१८११ पासून तो पुण्यात रेसिडेंट होता. मुळा-मुठेच्या संगमावर त्याची रेसिडेन्सी होती. तेथे कोण येत असे? दरबारचे कारभारी, शास्त्री, सरदारांचे वकील, सावकार, बातमीदार. महारवाड्यातला माणूस त्याच्यासमोर राज्यकारभाराबद्दल आपले मत सांगायला कधी बसला असेल काय? वकील कितीही हुशार असला तरी त्याच्या कानावर जे पडते त्यावरच त्याचे मत बनते, आणि कानापर्यंत पोहोचण्याचा अधिकार पेशवाईत मूठभरांनाच होता.

१८१५ मध्ये पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. त्र्यंबकजी डेंगळ्यावर आळ आला आणि एल्फिन्स्टन व बाजीराव यांचे बिनसले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. रेसिडेन्सी जाळली गेली, एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रहही त्यात गेला. कोरेगावच्या लढाईनंतर दोनच दिवसांनी, ३ जानेवारीला, त्याने ते रणक्षेत्र स्वतः पाहिले. जळालेली घरे, रस्त्यात पडलेली माणसे आणि घोडी, कंपनीच्या देशी शिपायांना जेथे पुरले ती उथळ थडगी, या साऱ्याची त्याने नोंद केली. म्हणजे आमच्या पूर्वजांनी काय किंमत मोजली हे त्याने ऐकीव गप्पांवरून नव्हे, डोळ्यांनी पाहिले होते. पुढे उभारलेल्या विजयस्तंभावरील ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी नाक आहे.

आता पाहा, या रक्ताचे फळ कोणाला मिळाले. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी एल्फिन्स्टनने साताऱ्यात जाहीरनामा काढला. त्यात धर्म, वतने, इनामे, देवस्थानांची उत्पन्ने यांना हात लावणार नाही, असे अभय होते. मे महिन्यापर्यंत शिवनेरी, चावंड, जीवधन, हडसर हे जुन्नरचे किल्ले पडले. किल्ले पडले, पण किल्ल्याखालची गावे होती तशीच राहिली. १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी त्याने सादर केलेला अहवाल आजही अभ्यासक वाचतात. त्यात पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, पंचायत यांचे बारकाईने वर्णन आहे. रात्रीचा पहारा, आल्यागेल्यावर नजर, चोराचा माग ही गावच्या राखणदाराची कामेही आहेत. ही व्यवस्था त्याला प्राचीन वाटली आणि म्हणून तिला धक्का लावू नये असे त्याचे मत झाले.

खरोखर ती तितकी सनातन होती काय? उत्तर जुन्नरच्याच डोंगरात कोरलेले होते. तेथील बौद्ध लेण्यांत यवन दात्यांची दाने आहेत. बांबूकाम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींचे शिलालेख आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी माणूस आणि कष्टकरी कारागीर एकाच संघाचे दाते होते. पण १८१९ मध्ये ही ब्राह्मी अक्षरे कोणालाच वाचता येत नव्हती. प्रिन्सेपने ती उलगडली १८३७ मध्ये. तोपर्यंत मनूच्या गावगाड्यावर इंग्रजी मोहोर उमटून गेली होती. महारवतनाची तीच बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांना १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडावे लागले.

१८१९ ते १८२७ एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर होता. पेशव्यांची ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची पद्धत त्याने पूर्ण मोडली नाही. १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिचे दार ब्राह्मणांसाठीच उघडे होते. १८२३ मध्ये त्याने शिक्षणाविषयी जे टिपण लिहिले ते तर प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असायला हवे. मिशनऱ्यांना सर्वात खालच्या जातींतच उत्तम विद्यार्थी मिळतात, हे त्याने स्वतः मान्य केले. आणि लगेच सावध केले की यांना खास उत्तेजन देऊ नये, कारण हे समाजात सर्वात तिरस्कृत आहेत. शिक्षणाने आधी त्यांच्यात मूळ धरले तर ते वरच्या थरांत पसरणार नाही, अशी त्याला धास्ती होती. गुणवत्ता आमच्याकडे आहे हे दिसले, लिहिलेही, आणि दार मात्र दुसऱ्यांसाठी उघडले!

याचा परिणाम काय झाला? १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेला आणि सरकारने त्या नकाराला पाठीशी घातले. शूद्रातिशूद्रांसाठी शाळा काढण्याचे काम अखेर जोतिराव आणि सावित्रीबाईंनाच करावे लागले. १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर जोतिरावांनी वरून खाली झिरपणाऱ्या शिक्षणाचे वाभाडे काढले.

एल्फिन्स्टनने १८२७ मध्ये हिंदुस्थान सोडला. त्याने १८४१ मध्ये हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला, गव्हर्नर जनरलचे पद नाकारले आणि २० नोव्हेंबर १८५९ रोजी त्याचे निधन झाले. मुंबईत त्याच्या नावाने शाळा आणि कॉलेज उभे राहिले. काळाचा न्याय असा की त्याच एल्फिन्स्टन हायस्कुलात आणि त्याच एल्फिन्स्टन कॉलेजात भीमराव रामजी आंबेडकर शिकले. मे १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन आयोगाला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी हेच १८२३ चे टिपण पुढे ठेवले आणि इंग्रज सरकारला जाब विचारला. एल्फिन्स्टनला शिवी दिली नाही, आरतीही ओवाळली नाही. त्याचाच कागद त्याच्याच सरकारसमोर पुरावा म्हणून ठेवला.

यातून बोध घ्यायचा तो हा. पेशवाई बुडवणारा म्हणून एल्फिन्स्टनला डोक्यावर घेण्याचे कारण नाही, आणि परकीय म्हणून त्याचे लिखाण फेकून देण्याचेही नाही. २००१ मध्ये डर्बनच्या परिषदेत जातीचा प्रश्न जगापुढे आला तेव्हा भारत सरकारने त्याला विरोध केला होता. आपले दुःख जगाच्या वकिलांना कोण सांगणार, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. परदेशी पाहुणा ज्याच्या ओसरीवर बसतो त्याच्याच डोळ्यांनी गाव पाहतो. म्हणून आपली कैफियत आपणच, आपल्याच हाताने, पुराव्यानिशी लिहिली पाहिजे. बाबासाहेबांनी ती कशी लिहायची हे दाखवून दिले आहे. लिहिणारे हात तेवढे वाढले पाहिजेत.