रात्री दोनला उठवणारा बाप

वर्गमित्रांनो, आणि भिंतीपाशी थांबून वाचणाऱ्या माय-बापांनो,

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. दर चौदा एप्रिलला आपण भाषणंही करतो. आज मात्र मी त्यांच्या वडिलांविषयी, म्हणजे सुभेदार रामजी सकपाळ यांच्याविषयी लिहिणार आहे. त्याचं कारण शेवटी सांगतो.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. ते सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापकही होते. 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. हे त्यांचे चौदावे अपत्य. त्यांतली तीन मुलगे आणि दोन मुली एवढीच लेकरं जगली. किती लेकरं त्या माय-बापाने मातीआड केली असतील, याचा हिशेब तुम्हीच करा.

रामजी कबीरपंथी होते. घरात सकाळ-संध्याकाळ भजन व्हायचे आणि ते पोरांकडून रामायण, महाभारत वाचून घ्यायचे. पेन्शन झाल्यावर ते दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. तिथे भीमरावांची आई भीमाबाई वारल्या. पोर तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे. आत्या मीराबाईंनी लेकरांना सांभाळले.

शाळेत भीमरावांना वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाट घरून न्यायचे. नळाला हात लावायची मनाई होती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, नाहीतर तहानलेलेच राहायचे.

1901 साली रामजी गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून तिथे तलाव खोदणे चालू होते. सुट्टीत पोरांनी बापाकडे जायचे ठरवले. भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचा मसूर स्टेशनवर उतरले. पण त्यांनी पाठवलेले पत्र द्यायला नोकर विसरला होता, त्यामुळे घ्यायला कोणीच आले नाही. जात कळल्यावर गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, पोरांनी स्वतःच गाडी हाकत प्रवास केला. सोबत जेवण होते, पण प्यायला पाणी कोणी देईना. म्हणून रात्रभर उपाशीच राहिली बिचारी! दुसऱ्या दिवशी अचानक दारात उभी राहिलेली ती लेकरं पाहून बापाच्या जिवाचे काय झाले असेल!

घरातही सगळे गोड नव्हते. रामजींनी दुसरे लग्न केले, ते भीमरावांना आवडले नाही. मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करावे म्हणून त्यांनी आत्याच्या पैशाच्या पिशवीला हात घातला. त्यात निघाला फक्त अर्धा आणा. तेव्हा त्यांनी तो नाद सोडला आणि नीट अभ्यास करायचा निश्चय केला.

पुढे रामजींनी बिऱ्हाड मुंबईला, परळच्या चाळीत नेले. सगळा संसार एकाच खोलीत. भीमराव लवकर झोपत. रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागत, मग पोराला उठवत. पोर दिव्यापाशी अभ्यासाला बसले की मग बाप आडवा होई. भीमरावांना पुस्तकांचे भारी वेड. पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या लेकीकडे जात, तिचा दागिना मागून आणून गहाण ठेवत आणि पोराला पुस्तक घेऊन देत. पेन्शन आली की दागिना सोडवून लेकीला परत. आजोबाच्या वयात लेकीपुढे हात पसरायचा म्हणजे काही सोपे नाही.

त्या कष्टाला फळ आले. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते बी. ए. झाले. 1913 च्या जानेवारीत ते बडोद्याला नोकरीला गेले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. ते निघाले. वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली! घरी पोचायला उशीर झाला. रामजींनी डोळे भरून लेकाला पाहिले, पाठीवरून हात फिरवला आणि प्राण सोडला. तो दिवस होता 2 फेब्रुवारी 1913. त्याच वर्षी भीमराव शिकायला अमेरिकेला, कोलंबिया विद्यापीठात गेले. ते बघायला बाप नव्हता.

आता कारण सांगतो. मागच्या वर्षी आजारपणामुळे माझी शाळा दोन महिने बुडाली. आता हे पोरगं मागंच राहणार, असं लोक म्हणू लागले. माझे बाबा मात्र रोज शेतातून आले की हातपाय धुऊन माझ्या उशाशी बसायचे आणि माझ्याकडून एक पान वाचून घ्यायचे. त्यांना स्वतःला वाचताना अडखळायला होतं. मी चुकलो तरी त्यांना कळत नसेल, पण ते उठायचे नाहीत. मी वर्गात परत आलो तो त्याच पानांच्या जोरावर.

रामजींना आपला मुलगा पुढे कोण होणार, हे कुठे ठाऊक होते? तरी ते दोन वाजेपर्यंत जागत राहिले. विश्वास म्हणतात तो हाच असावा, असं मला वाटतं. आज घरी गेल्यावर, मित्रांनो, आपल्यासाठी कोण जागतं ते एकदा बघा.