गाडगेबाबांचा खराटा आणि आपला उकिरडा

वडनेर भोलजी : गाडगेबाबांचा फोटो नसलेलं ग्रामपंचायतीचं ऑफिस आपल्या भागात क्वचितच दिसेल. फोटोला हार पडतो, २० डिसेंबरला पुण्यतिथीही होते. पण त्याच ऑफिसमागच्या नालीत बघा. चहाचे कप, गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या अडकून पाणी तुंबलेलं असतं. वडनेर तर नांदुरा-मलकापूरच्या मधे, मुंबई-कोलकाता महामार्गावरचं गाव. इथं गावाचा कचरा वेगळा अन् रस्त्यानं येणारा वेगळा. तेव्हा बाबांचं चरित्र आज जरा या कचऱ्याच्या बाजूनं पाहू. तुम्हाला त्यातलं बरंच माहीत आहे, तरी पाहू.

बाबांचं खरं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं हे गाव. जात परीट, म्हणजे लोकांचे मळके कपडे धुऊन देणारं घर. बाप झिंगराजी दारूपायी गेला, तेव्हा पोरगं आठ वर्षांचं. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. तिथं मामाच्या घरी डेबूजी वाढला. गुरं राखली, गोठ्यातलं शेण काढलं, नांगर धरला, पेरणी शिकला. कामाला असा वाघ, की सगळ्या शेताचा भार त्याच्यावर आला. पुढं सावकाराच्या कागदापायी मामाची जमीन हातची गेली अन् मामा खचले. अक्षरओळख नसली की काय होतं, ते डेबूजीनं तिथं पाहिलं. पुढं जन्मभर कीर्तनात कर्ज काढू नका अन् पोरं शाळेत घाला हे दोन विषय आले, ते तिथून.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की बाबा आधी शेतकरी होते. उकिरडा म्हणजे घाण नव्हे, ती शेताची तिजोरी, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. गोठ्यातलं शेण, चुलीतली राख, खळ्यावरलं कुटार, निवडलेल्या भाजीचे देठ हे सगळं घरामागं साठायचं अन् उन्हाळ्यात बंडीनं शेतात पडायचं. घर झाडणं अन् शेताला खत देणं ही एकाच कामाची दोन टोकं होती.

१८९२ साली कुंताबाईंशी लग्न झालं. मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे मटण-दारूचं जेवण द्यायचं होतं. डेबूजीनं ते मोडून गोडाचं जेवण दिलं. भाऊबंद चिडले, पण हा हटला नाही. मग १ फेब्रुवारी १९०५ ला पहाटे घर सोडलं. पुढची बारा वर्षं अनवाणी, मिळेल ते खात मुलूख पालथा घातला.

आता त्यांच्या अंगावर काय होतं ते आठवा. चिंध्या जोडून शिवलेलं अंगावरचं वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी, अन् फुटक्या मडक्याचा खालचा भाग म्हणजे गाडगं. तेच गाडगं उन्हात डोक्यावर टोपी, जेवताना ताट, ओढ्यावर पाण्याचं भांडं. त्यावरूनच गाडगेबाबा नाव पडलं. कुठं लोक गोधडे महाराज म्हणत, कुठं चिंधेबुवा. या यादीतली एकेक वस्तू बघा, सगळी लोकांनी टाकलेली. मडकं फुटलं म्हणून फेकलेलं, कपडा विटला म्हणून फेकलेला, बांगडी तुटली म्हणून फेकलेली. टाकलेल्या वस्तूला परत कामाला लावणं यावर आज शहरात परिषदा भरतात. बाबांनी ते अंगावर वागवलं अन् त्यावर एक शब्दही भाषण केलं नाही.

गावात शिरले की बाबा आधी झाडायला लागत. ना सरपंचाला भेटणं, ना मंदिरात टेकणं. कुणाच्या दारचा खराटा घ्यायचा अन् रस्ता, नाल्या, पाणवठ्याची जागा साफ करत सुटायचं. लोकांना आधी वेडा वाटे. मग एखादा पोरगा टोपलं घेऊन मागं यायचा, मग दुसरा, दुपारपर्यंत निम्मं गाव लागलेलं असायचं. बदल्यात मागायचे चटणी-भाकर. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. कीर्तनात बाबा लोकांनाच प्रश्न विचारत अन् त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. पाया पडायला येणाऱ्याला काठीनं हाकलत. स्वतःला कुणाचा गुरू म्हणवून घेतलं नाही, शिष्य केला नाही.

इथं मात्र एक फरक ध्यानात घ्या, आजची आपली अडचण तिथंच आहे. १९०५ ते १९५६ या काळात बाबांनी जो कचरा गोळा केला, तो बहुतेक सगळा मातीतून आलेला अन् मातीत जाणारा होता. शेण, पाला, राख, माती, चिंधी, खापर. झाडून एका जागी ढीग केला की काम झालं, पुढचं पावसाळा करायचा. लोखंडाचा तुकडा वा पितळ कुणी फेकतच नव्हतं. म्हणून बाबांना नुसता खराटा पुरला.

आज तसं नाही. आज घरचा केर एकत्र झाडून उकिरड्यावर टाकला, तर त्यात तेलाची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, बिस्किटांचे पुडे, टॉर्चचे सेल, दाढीची पाती, उरलेली औषधं, अन् बोंडअळीवर मारलेल्या औषधाची रिकामी बाटलीसुद्धा जाते. तेच खत बंडीत भरून तुम्ही कपाशीच्या, सोयाबीनच्या वावरात टाकता. पन्नीचा तुकडा काळ्या मातीत वर्षानुवर्षं कुजत नाही. वखर चालवताना पासेत गुंडाळी होते ती याचीच. मातीत पन्नीचा थर बसला तिथं पाणी मुरत नाही, कोंब अडतो. सेलमधला शिसे-पाऱ्यासारखा धातू अन् औषधाचा अंश त्याच मातीत उतरतो. म्हणजे खत समजून आपण आपल्याच वावरात काय टाकतो, ते बघा.

वेगळं करायचं ते घरातच. एकदा ओलं-सुकं मिसळलं की ते परत निवडायला कोणी बसत नाही. घरात दोन भांडी अन् एक पिशवी लागते, नवीन घ्यायची गरज नाही. गळका डबा, फुटकी बादली चालते. एकात ओला म्हणजे कुजणारा कचरा : भाजीचे देठ, सालं, उष्टं, चहापत्ती, पाला. हा शेणासोबत उकिरड्यावर जाईल. दुसऱ्यात सुका : कागद, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा, काच, दुधाची अन् तेलाची पाकिटं. पाकीट आतून विसळून वाळवलं तर भंगारवाला घेतो. चिकट, वास मारणारं असलं तर तो हात लावत नाही. गुटख्याची, शाम्पूची अन् खाऊची चकचकीत पुडी मात्र भंगारात चालत नाही, कारण तिच्यात प्लास्टिक अन् धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ती सिमेंटच्या भट्टीला नाही तर डांबरी रस्त्याला लागते, म्हणून पंचायतीनं ती वेगळ्या पोत्यात साठवावी. अन् पिशवीत घातक : सेल, ट्यूबलाइट, पाती, जुनी औषधं. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्यायचे. झाडणाऱ्या माणसाच्या हाताला ते लागतात, हे विसरू नका. फवारणीच्या औषधाची बाटली द्रावण करतानाच तीनदा विसळून ते पाणी पंपात ओता, बाटलीला भोक पाडा अन् घरात आणूच नका. तिच्यात तेल, रॉकेल, पाणी काही भरू नका. हे सगळं पेटवून मोकळं होणं सोपं वाटतं, पण तो धूर गोठ्यातल्या जनावराच्या अन् पाळण्यातल्या लेकराच्या छातीत जातो.

परत बाबांकडे येऊ. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी पौषात यात्रा भरते. काठाला गाळ, लोक घसरून पडत. बाबांनी तिथं घाट बांधायचं काम उभं केलं. हीच पूर्णा पुढं आपल्या नांदुरा-मलकापूर तालुक्यांच्या अंगानं वाहत जाऊन चांगदेवला तापीला मिळते. वरच्या गावांच्या नाल्यांतली पन्नी आपल्याकडे येते अन् आपली खाली खानदेशात जाते.

मूर्तिजापूरला बाबांनी गोरक्षण काढलं. त्यांचा जीव भाकड, म्हाताऱ्या जनावरांवर फार. आज मोकाट गाय बाजार उठल्यावर उष्टं असलेली पन्नी गाठीसकट गिळते. ती पन्नी पोटाच्या पहिल्या कप्प्यात अडकते, वर्षानुवर्षं साठत जाते. गाय रवंथ सोडते, पोट फुगतं, पुढं डॉक्टरानं पोट फाडल्याशिवाय इलाज नाही. उष्टं पन्नीत बांधून फेकायचं नाही, एवढं एक घराघरानं पाळलं तरी कितीतरी जनावरं वाचतील.

लोकांनी दिलेल्या पैशातून नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. एवढ्या इमारती उभ्या केल्या, पण बाबांचं स्वतःचं गाडगं शेवटपर्यंत तेच राहिलं. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी मोटारीतच बाबांनी प्राण सोडला.

सरकारनं बाबांच्या नावानं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ साली सुरू केलं, तेव्हा आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री होते. खेड्यांनी श्रमदान केलं, बक्षिसं घेतली, कितीतरी गावं खरोखर बदलली. पण कित्येक ठिकाणी तपासणी पथक येणार म्हणून रातोरात झाडलेला कचरा ट्रॉलीनं ई-क्लासवर नेऊन ओतला गेला, हेही आपण सगळे जाणतो. तो ढीग पहिल्या पावसात नाल्यानं परत आला. बाबा झाडून निघून जात, कारण त्यांच्या ढिगात मागं राहण्यासारखं काही नव्हतं. आपल्या ढिगात ते आहे.

पंचायतीच्या मंडळींसाठी थोडं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका अन् घरगुती घातक असे तीन भाग घरातच करायला सांगितले. राज्यानं २०१८ साली पन्नी अन् थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली. स्वच्छ भारत मिशनच्या २०२० च्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंतच्या गावाला माणशी ६० रुपये, त्यावरच्या गावाला ४५ रुपये, अन् तालुक्याला प्लास्टिकच्या केंद्रासाठी १६ लाखांपर्यंत अशी तरतूद केली गेली. आपल्या गावाच्या वाट्याचं त्यातलं किती आलं अन् कशाला लागलं, हे ग्रामसभेत विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

अन् ओल्या कचऱ्याला नुसता खड्डा करू नका. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी काढलेला नाडेप हौद आपल्याच मातीतला. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोकं. पऱ्हाटी बारीक करून, कुटार, पाला मिळून साधारण चौदाशे-पंधराशे किलो, शेण फक्त नव्वद-शंभर किलो, चाळलेली माती साडेसतराशे किलो, थरावर थर अन् पाण्याचा शिपका. वरून शेणमातीनं लिंपायचं. तीन-चार महिन्यांत जवळपास तीन टन खत निघतं. एका गायीच्या शेणात एवढं खत दुसऱ्या कशानं होतं सांगा? फक्त त्यात पन्नी, काच, दगड जाऊ द्यायचा नाही.

जुना उकिरडा आहे त्याचं काय, असं कुणी विचारील. अक्षय तृतीयेच्या आसपास बंड्या जुंपाल, त्याआधी गवंड्याकडची रेती चाळायची जाळी दोन दिवस मागून आणा. ती तिरपी उभी करून खत तिच्यावर फावड्यानं मारा. खाली पडेल ते वावरात, वर अडकेल ते पोत्यात. पोतं भरायला वेळ लागणार नाही.