रस्त्यावरच्या माणसांचा चित्रकार

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ओनोरे दोमिए नावाचा चित्रकार होता. राजाची व्यंगचित्रातून टर उडवली म्हणून १८३२ मध्ये त्याला तुरुंगात जावं लागलं. १८३५ च्या कायद्याने राजकीय व्यंगचित्रांवर बंधनं आली, तेव्हा तो वकील, भाडेकरू, घरमालक अशा रोजच्या माणसांकडे वळला. आपल्याकडे असं कोणी होतं का? अगदी तसंच नाही, पण रोजच्या माणसांना चित्रात आणणारे एक मराठी चित्रकार नक्की होते. महादेव विश्वनाथ धुरंधर!

त्यांचा जन्म १८६७ चा, कोल्हापूरचा. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आले, तिथेच शिक्षक झाले आणि पुढे काही काळ संस्थेचं प्रमुखपदही सांभाळलं. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं पदक मिळवलं. पुराणातले आणि इतिहासातले प्रसंग तर त्यांनी रंगवलेच.

तो शिळाछापाचा जमाना होता. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाई फिरवायची. तेल आणि पाण्याचं जमत नाही, म्हणून शाई फक्त चित्रावरच बसते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड! राजा रविवर्म्याचा असा छापखाना १८९९ मध्ये मळवलीला आला. आपल्या कर्जतहून घाट चढला की लोणावळ्याच्या पुढचं स्टेशन. तिथे छापलेले देव घरोघरी पोचले.

धुरंधरांनी मात्र छापील पोस्टकार्डांवर माणसं आणली. त्यातली नखरेल मोलकरीण पाहून आजही हसू येतं. दोमिएचा चिमटा जोरात बसायचा, धुरंधरांचा हळूच! १९१२ च्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकातही त्यांनी मुंबईचं जनजीवन रेखाटलं.

१९४४ मध्ये ते गेले. त्या मोलकरणीचं नाव कुठल्याच इतिहासात नाही, पण तिची ऐट त्या कार्डावर टिकून आहे. आपण मोबाईलवर शेकडो फोटो काढतो. त्यात मेसच्या मावशी आणि गेटवरचे वॉचमन काका किती? बघा जरा शोधून!