हात जोडलेले, डोळे उघडे



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक ३४.

ज्ञान कसं मिळवावं, ते भगवंत इथे सांगतात. नम्र व्हा, प्रश्न विचारा, सेवा करा. गंमत बघा, नमस्कार आणि सेवा यांच्या मधोमध त्यांनी प्रश्न ठेवलाय.

परवा घोटीत धो धो पाऊस, लाईट गेलेली, ऑफिसचं काम ठप्प. बसल्या बसल्या मी घरच्या ग्रुपवर एक मेसेज पुढे पाठवला. एक श्लोक, आणि खाली तो म्हणे विज्ञानाने सिद्ध केलाय. दहावीतल्या भाचीने लगेच विचारलं, की मामा, हा श्लोक कुठल्या ग्रंथातला? मी रात्रभर शोधला, सापडला नाही. लाज वाटली. इंजिनिअरिंगला असताना आजीच्या हरिपाठाला हसणारा मीच होतो. तेव्हा न तपासता नाकारत होतो, आता न तपासता स्वीकारतोय. बदललं काय?

तेव्हा आठवण झाली ती रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची.

जन्म ६ जुलै १८३७, मालवणचा. शिक्षण रत्नागिरीत, मग मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. पुढे तिथे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवलं. १८९३ ते १८९५ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पण हा माणूस नुसता पंडित नव्हता, भक्त होता. प्रार्थना समाजात ते उपासना चालवत, तुकोबांच्या अभंगांवर बोलत.

आणि तेच हात ताम्रपट, नाणी, हस्तलिखितं तपासत. घोटीहून नाशिकला जाताना हायवेवरून पांडवलेणी दिसतात ना? नाव पांडवांचं. पण तिथले शिलालेख सांगतात, की ही लेणी सातवाहन आणि क्षहरात राजांच्या काळात बौद्ध भिक्षूंसाठी कोरली गेली. या शिलालेखांवरचा भांडारकरांचा निबंध १८७४ च्या लंडनमधल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी गेला होता. अशा पुराव्यांवरच त्यांनी १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला.

त्यांची शंका एकतर्फी नव्हती. आपल्याकडचे लोक सगळंच अतिप्राचीन ठरवायला बघतात, हे ते स्पष्ट सांगत. तितक्याच स्पष्टपणे ते हेही म्हणत, की युरोपातले विद्वान आपलं सगळं अलीकडचं किंवा ग्रीकांकडून घेतलेलं ठरवायला उत्सुक असतात. दोघांनाही एकच प्रश्न : पुरावा काय? आपणही ‘शास्त्रात लिहिलंय’ला विचारतो तोच प्रश्न ‘संशोधनात सिद्ध झालंय’ला विचारायला हवा.

हे नुसतं कागदावर राहिलं नाही. त्यांची मुलगी विधवा झाली. १८९१ मध्ये त्यांनी तिचा पुनर्विवाह केला आणि समाजाचा रोष अंगावर घेतला. त्याच सुमारास संमतिवयाच्या वादात त्यांनी धर्मशास्त्रातलेच आधार काढून सुधारणेची बाजू मांडली. शास्त्र फेकून दिलं नाही, नीट वाचलं.

आता एक कबुली. १९१३ च्या वैष्णव-शैव पंथांवरच्या पुस्तकात त्यांनी तर्क केलाय, की गोकुळातल्या बाळकृष्णाची उपासना आभीर नावाच्या भटक्या जमातीबरोबर आली असावी. वाचून मला रागच आला. पुढे कळलं, की नंतरच्या अनेक अभ्यासकांना हा तर्क पटलेला नाही. म्हणजे भांडारकरांनाही तोच प्रश्न विचारायचा, जो ते सगळ्यांना विचारत. राग ओसरला, आदर वाढला.

त्यांच्या नावाची संस्था पुण्यात ६ जुलै १९१७ ला सुरू झाली. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी तिला दिला. १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ त्यांच्याच हातून झाला. २४ ऑगस्ट १९२५ ला ते गेले, काम मात्र १९६६ पर्यंत चाललं. १,२५९ हस्तलिखितं पडताळली गेली. त्यात व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही आपली लाडकी कथा मूळ संहितेत ठरली नाही. पण संपादकांनी ती पुसली नाही, परिशिष्टात जपून ठेवली. आम्ही सॉफ्टवेअरवाले कोड बदलताना जुनी आवृत्ती जपून ठेवतो, तसंच. मला तर यातच श्रद्धा दिसते. जे पुराव्यात बसत नाही ते बसलं म्हणायचं नाही, आणि बसलं नाही म्हणून त्याचा अपमानही करायचा नाही.

काल मी ग्रुपवर लिहिलं, की तो श्लोक मला सापडला नाही, चूक माझी. मग भाचीला गीतेचा हा श्लोक दाखवला. खात्री करायला तिने माझी पोथी मागून घेतली. बरं वाटलं.

आजचा संकल्प छोटासाच : पुढे पाठवण्याआधी एकदा शोधायचं, हसण्याआधी एकदा वाचायचं.

राम कृष्ण हरी!