रिचर्ड ट्रेव्हिथिक

रिचर्ड ट्रेव्हिथिक (१३ एप्रिल १७७१ – २२ एप्रिल १८३३) हे ब्रिटिश खाण-अभियंता व संशोधक होते. उच्च दाबाच्या वाफेवर चालणारे इंजिन व्यवहारात आणणाऱ्यांत त्यांची गणना होते. रुळांवर भार ओढणारे पहिले वाफेचे इंजिन त्यांनी चालवले. त्यांची इंजिने आकाराने लहान व वजनाने हलकी असल्यामुळे ती सुटी करून समुद्रमार्गे व पुढे खेचरांवरून पेरूमधील अँडीज पर्वतातील खाणींपर्यंत पोहोचवता आली.

== प्रारंभिक जीवन ==
ट्रेव्हिथिक यांचा जन्म इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील कॉर्नवॉल परगण्यात ट्रेगाजोरन येथे झाला. त्यांचे वडील खाणीवर अधिकारी होते. शालेय शिक्षणात त्यांची फारशी प्रगती झाली नाही. मात्र तांब्याच्या व कथिलाच्या खाणींतील पाणी उपसणारी यंत्रे त्यांनी लहानपणापासून जवळून पाहिली. १७९७ साली त्यांचा विवाह जेन हार्वी यांच्याशी झाला. जेन यांचे वडील जॉन हार्वी यांची हेल येथे ओतशाळा होती.

== उच्च दाबाचे इंजिन ==
त्या काळी प्रचलित असलेले जेम्स वॉट यांचे इंजिन कमी दाबाच्या वाफेवर चालत असे. त्यात वाफ थंड करून निर्वात पोकळी निर्माण केली जाई. त्यासाठी संघनक, मोठे सिलिंडर व भक्कम इमारत लागे. ट्रेव्हिथिक यांनी उच्च दाबाची वाफ वापरून संघनक वगळला, त्यामुळे तेवढेच काम बरेच लहान यंत्र करू लागले. २४ डिसेंबर १८०१ रोजी कँबोर्न येथे त्यांनी वाफेवर चालणारी गाडी रस्त्यावर चालवून दाखवली व १८०२ साली एकस्व (पेटंट) मिळवले. १८०३ साली ग्रिनिच येथे त्यांच्या एका बाष्पित्राचा (बॉयलरचा) स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्यांनी बाष्पित्रांच्या सुरक्षिततेसाठी अधिक उपाय योजले.

२१ फेब्रुवारी १८०४ रोजी वेल्समधील पेनीडॅरन येथे त्यांच्या इंजिनाने १० टन लोखंड व सुमारे ७० माणसे असा भार रुळांवरून जवळपास १६ किमी वाहून नेला. प्रवास यशस्वी झाला, परंतु इंजिनाच्या वजनाने बिडाचे ठिसूळ रूळ तुटू लागले आणि ते इंजिन नियमित वाहतुकीसाठी वापरले गेले नाही. १८११ साली ट्रेव्हिथिक दिवाळखोर ठरले.

== पेरूला यंत्रांची वाहतूक ==
पेरूमधील सेरो दे पास्को येथील चांदीच्या खाणी समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून अधिक उंचीवर आहेत. तेथील खोल भागांत पाणी भरल्याने खाणकाम अडले होते. फ्रान्सिस्को उविये हे खाणमालकांच्या वतीने उपाय शोधण्यासाठी इंग्लंडला आले. वॉट यांच्या पद्धतीच्या इंजिनाला दोन अडचणी होत्या. त्याचे अवजड भाग खेचरांच्या पाठीवरून घाटवाटांनी नेणे शक्य नव्हते. तसेच उंचावरील विरळ हवेत वायुदाब कमी असल्याने त्याची शक्ती घटली असती. ट्रेव्हिथिक यांच्या इंजिनाचे एक लहान प्रतिरूप उविये यांना लंडनमधील एका दुकानात आढळले. ते त्यांनी पेरूला नेले आणि त्या उंचीवरही ते चालल्याचे दिसून आले.

यानंतर उविये पुन्हा इंग्लंडला आले व त्यांनी ट्रेव्हिथिक यांच्याशी करार केला. तयार झालेली नऊ इंजिने १ सप्टेंबर १८१४ रोजी कॉर्नवॉलच्या काही कारागिरांसह जहाजाने रवाना झाली. जहाजाचा प्रवास दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून होता. कायाओ बंदरात उतरवल्यावर यंत्रांचे सुटे भाग अँडीज चढवून खाणींपर्यंत न्यावे लागले. १८१६ साली तेथे पहिले इंजिन सुरू झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्रेव्हिथिक स्वतः पेरूकडे निघाले. पत्नी व मुले इंग्लंडमध्येच राहिली.

पेरूमध्ये त्यांचे उविये यांच्याशी मतभेद झाले. पुढे स्वातंत्र्ययुद्धाची झळ खाणींना बसली व ट्रेव्हिथिक यांना देश सोडावा लागला. हजारो किलोमीटर दूर आणलेल्या यंत्रांतून त्यांना अपेक्षित संपत्ती मिळाली नाही.

== कोस्टा रिका व पुनरागमन ==
त्यानंतर कोस्टा रिकामधील खाणींसाठी खनिज व यंत्रसामग्री नेण्याचा स्वस्त मार्ग त्यांनी शोधला. सान हुआन व सारापिकी या नद्यांचा जलमार्ग आणि उरलेल्या टप्प्यासाठी लोहमार्ग अशी त्यांची योजना होती. अटलांटिक किनाऱ्याकडील वाट पाहण्यासाठी त्यांनी घनदाट अरण्यातून खडतर प्रवास केला. १८२७ साली कार्ताहेना येथे त्यांची भेट रॉबर्ट स्टीफन्सन यांच्याशी झाली. स्टीफन्सन यांनी परतीच्या प्रवासासाठी त्यांना ५० पौंड दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते जवळपास रिकाम्या हाताने मायदेशी पोहोचले.

== मृत्यू व स्मृती ==
आपल्या शोधांबद्दल संसदेकडून अनुदान मिळवण्याचा त्यांचा प्रयत्न निष्फळ ठरला. २२ एप्रिल १८३३ रोजी डार्टफर्ड येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. अंत्यविधीचा खर्च तेथील कारखान्यातील सहकाऱ्यांनी वर्गणी काढून केला. त्यांच्या कबरीवर कोणतीही खूण नव्हती. १९३२ साली कँबोर्न येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला. तेथे दरवर्षी एप्रिल महिन्यात ट्रेव्हिथिक दिन साजरा होतो.