कै. डॉ. कमलाबाई सोहोनी

भगिनींनो, मी सातवी इयत्तेपर्यंत शिकलेली, संसारात रमलेली बाई. शास्त्रातले मला कितीसे कळणार? तरीपण कै. डॉ. कमलाबाई सोहोनी यांचे चरित्र आपणापुढे ठेवावे असे वाटते. कारण या विदुषीचे संशोधन थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचते.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरला भागवतांच्या घरी झाला. वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ. सुप्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्‌सी. परीक्षा त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. परंतु बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत अर्ज केला, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तो नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहून मगच प्रवेश कायम करू, या अटीवर त्यांना घेतले. हा अपमान त्यांना जन्मभर सलला. पण वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि पुढे तेथे मुलींना प्रवेश मिळू लागला.

तेथे त्यांनी दूध व डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. पाणी व क्षार सोडले तर सजीवांचे शरीर मुख्यतः चार प्रकारच्या द्रव्यांचे असते. भाकरीत असते ते पिष्ट, तेलातुपात स्निग्धांश, ही दोन्ही शक्ती देतात. डाळीत व दुधात प्रथिने. ती शरीर बांधतात व झीज भरून काढतात. चौथी न्यूक्लिक आम्ले. आईबापांचे गुण लेकरांत उतरतात ते त्यांच्या योगाने.

पुढे केंब्रिजला कमलाबाईंनी दाखवून दिले की, पेशींच्या श्वसनाला लागणारे 'सायटोक्रोम सी' नावाचे प्रथिन वनस्पतींतही असते. १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. विज्ञानात केंब्रिजची ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत.

मायदेशी परतून त्यांनी दिल्ली व कुन्नूर येथे काम केले. १९४७ साली विवाह झाल्यावर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. गोरगरिबांच्या अन्नात सत्त्व किती, हाच त्यांचा ध्यास. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे द्रव्य असते, त्यावर त्यांनी विद्यार्थ्यांसह संशोधन केले. नीट शिजवल्याने हा अडथळा पुष्कळसा नाहीसा होतो. आपल्या वऱ्हाडात तुरीच्या वरणावाचून जेवण होत नाही. ते मऊ शिजवण्याची आजीबाईंची शिस्त किती शहाणपणाची होती, हे यावरून कळावे. नीरेतील पोषक द्रव्यांवरील कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

एवढी योग्यता असूनही संस्थेचे संचालकपद त्यांना चार वर्षे उशिराने मिळाले. निवृत्तीनंतर अन्नभेसळीविरुद्ध ग्राहकांना जागे करण्याचे कार्य त्यांनी केले. १९९८ साली दिल्लीत त्यांचा सत्कार झाला व त्यानंतर लवकरच त्यांचे देहावसान झाले.

भगिनींनो, आपल्या कारंज्यातही हुशार मुली घरोघरी आहेत. एखादीने शास्त्रशाखेचा हट्ट धरला, तर मुलीच्या जातीला हे कशाला, असे निदान आपल्या तोंडून तरी निघू नये. या विदुषीला हीच आपली खरी आदरांजली होईल.